शालिनीकाकूंचा सर्व्हर आणि वर्षाचे गहू

ख्यालाचं आवर्तन संपत आलेलं, गाणारी बाई समेवर येणार, शालिनीकाकूंचा डाळ निवडणारा हात ताटावर अधांतरी थांबलेला, आणि नेमक्या त्या क्षणाला मोबाइलमधून दुसरीच एक बाई आली आणि "तुमचेही केस गळतात का?" असं विचारायला लागली.

काकूंनी ताट बाजूला सरकवलं.

"पुरे झालं," त्या म्हणाल्या. "आता सर्व्हर घरीच करायचा."

"बरं," पेपरमागून दिनकरराव म्हणाले. (घरीच करायचा म्हटल्यावर त्यांना वाटलं, श्रीखंडासारखं काहीतरी असणार. त्यांची सगळी नोकरी रिफायनरीत गेली होती, आणि जिथे एक खटका चुकीचा दाबला तर सायरन वाजतो, तिथून माणूस 'बरं' एवढंच शिकून निवृत्त होतो.)

सर्व्हर म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी लाजू नये, दिनकररावांनाही नव्हतं. घरातल्या सगळ्या सीडी, कॅसेटी एका लहानशा कॉम्प्युटरात उतरवायच्या, आवाज जसाच्या तसा, कणभरही न दाबता. मग तो कॉम्प्युटर गाण्यालाच राखून ठेवायचा आणि त्यातून वायरीनं गाणं थेट स्पीकरपर्यंत आणायचं. मध्ये इंटरनेट नाही, जाहिरात नाही, कुणाचे केस नाहीत. लोणच्याची बरणी जशी लोणच्यालाच राखतात, तसं.

शालिनीकाकू मॅट्रिकला बसल्या नाहीत, कारण त्याच वर्षी त्यांना बोहल्यावर बसवलं. त्यानंतर त्या जे काही शिकल्या ते स्वतःच्या हिमतीवर. इंग्रजी शिकल्या औषधांच्या बाटल्यांवरून, स्कूटर शिकल्या दिनकरराव ड्यूटीवर असताना, आणि कॉम्प्युटर शिकल्या नातवंडांनी "आजी, तुला नाही जमणार" म्हटल्यावर. काकूंना शिकवायची ही सगळ्यात सोपी पद्धत होती.

बडोद्याच्या अलकापुरीत, कॉम्प्युटरच्या दुकानात, दुकानदार धवलनं त्यांना आधी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं.

"कोना माटे जोइये, मासी? दीकरा माटे?"

"मुलासाठी नाही, माझ्यासाठी."

"घेर कोण बेसाडी आपशे?"

"मीच बसवणार. कॉम्प्युटरच बसवायचाय, गणपती नाही. ह्यात पंखा आहे का?"

धवलनं अभिमानानं सांगितलं की दोन आहेत.

"मग नको. मला तंबोरा ऐकायचाय. पंखा माझ्या घरी आहे."

त्या दिवशी धवलनं बिनपंख्याचा कॉम्प्युटर, हार्ड डिस्क, आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी डॅक नावाची डबी आणि जाड वायर असं सगळं काढून दिलं, आणि काकू दुकानातून उतरेपर्यंत तो उभाच राहिला.

दांडिया बाजारातल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये मग पंधरवडाभर जे चाललं त्याला दिनकरराव 'प्लँटचं काम' म्हणत. कॉम्प्युटरला एक सिस्टिम घातली, ती रुसली. दुसरी घातली, तिनं पासवर्ड मागितला आणि दिलेला ओळखला नाही. तिसरीनं मात्र एकेक सीडी गिळायला सुरुवात केली. एवढंच, की ती फार हुशार निघाली. प्रत्येक गाणं कुणाचं आहे हे ती आपल्या मनानं शोधायची आणि त्यावर चित्रही चिकटवायची. काकूंच्या मावशीनं माजघरात म्हटलेल्या भूपाळ्यांवर तिनं चार दाढीवाले, गोंदलेल्या दंडांचे, जिभा बाहेर काढलेले पुरुष लावले. काकूंनी ते काढायचा पुष्कळ प्रयत्न केला आणि शेवटी म्हणाल्या, "राहू दे. मावशीचं घर नाहीतरी पाहुण्यांनी भरलेलंच असायचं."

आणि मग एका सकाळी गाणं लागलं.

काकू उठून उभ्या राहिल्या. चारी तारा वेगळ्या ऐकू येत होत्या. तंबोऱ्याची खर्जाची तार सुटायची, हॉलभर फिरायची आणि पुढची तार लागेपर्यंत विझायची नाही. बाईंच्या हातातली बांगडी तंबोऱ्याच्या भोपळ्याला टेकलेली ऐकू आली. मागे कुणीतरी खोकलं आणि त्याला कुणीतरी दटावलं, तेही ऐकू आलं. काकूंनी ही सीडी वर्षानुवर्षं ऐकली होती, आणि आजवर त्यांना खोकला माहीत नव्हता.

"अहो, इकडे या. ऐकलंत? बाईंनी श्वास घेतला."

"घेणारच," दिनकरराव म्हणाले.

काकूंनी ते मनावर घेतलं नाही. त्यांना आता घरात थांबवेना. समोरच्या फ्लॅटमधल्या स्नेहलला हाताला धरून आणलं, तिला श्वास ऐकवला. खालच्या मजल्यावरच्या मंदाताईंना बांगडी ऐकवली. दूधवाल्याला खोकला ऐकवला. दूधवाला म्हणाला, "आने दवा आपो." म्हणजे, ह्याला औषध द्या. एकूण तो आठवडा काकूंनी जमिनीपासून वीतभर वर काढला.

त्यांना खाली आणायचं काम पद्माकरनं केलं.

पद्माकर म्हणजे काकूंचा धाकटा दीर. अलकापुरीत बंगला, बंगल्यात गाण्याची वेगळी खोली, खोलीत एसी, आणि एसीत परदेशी सिस्टिम, जिच्या वायरी पडवळाएवढ्या. (पुरुषानं विकत आणलं की ती सिस्टिम असते आणि बाईनं जमवलं की तो पसारा असतो. असो.) पद्माकरची एक पद्धत होती. कुठेही गाणं ऐकलं की आधी खोट काढायची, मग दाद द्यायची. बहुतेक ठिकाणी दादेपर्यंत वेळच उरत नसे.

आणि पद्माकरकडे मामंजींची रेकॉर्डींची पेटी होती.

काकू नव्या नवरी असताना मामंजी दुपारी रेकॉर्डी लावायचे. सुनेनं बाहेर येऊन बसायची रीत नव्हती. तेव्हा ते उठून स्वयंपाकघराचं दार उघडं करायचे, आवाज थोडा वाढवायचे आणि जाऊन बसायचे. बोलले कधीच नाहीत. काकूंना जे गाणं कळतं ते सगळं त्या उघड्या दारातून आत आलेलं, आणि त्यांच्या पोळ्या अजूनही ठेक्यात लाटल्या जातात. मामंजी गेले तेव्हा रेकॉर्डींची पेटी पद्माकरनं नेली. "तुमच्याकडे दमट आहे, वहिनी," एवढंच म्हणाला होता. काकू तेव्हा गप्प बसल्या. (आयुष्यात ज्या मोजक्या वेळा गप्प बसल्या, त्या सगळ्यांचा त्यांना अजून पश्चात्ताप होतो.)

पाडव्याला तो जेवायला आला तेव्हा श्रीखंड वाढता वाढता काकू म्हणाल्या, "भाऊजी, आता पेटी आणा. एकेक रेकॉर्ड सर्व्हरवर उतरवून घेते. त्यांना बुरशी धरायच्या आत."

पद्माकर जेवण झाल्यावर हॉलमध्ये बसला, डोळे मिटले, दोन आवर्तनं ऐकली आणि डोळे उघडले.

"यंत्र चांगलं जमवलंत, वहिनी. खरं सांगतो, मला वाटलं नव्हतं."

"तुम्हाला काय वाटत नाही त्याची मला सवय आहे. पुढे बोला."

"हॉल घुमतो. हा डग्गा वाजतोय की खाली गॅसचे बाटले उतरवतायत?"

काकूंना राग आला, कारण ते खरं होतं. डग्ग्याचा प्रत्येक घुमारा हॉलच्या कोपऱ्यांत जाऊन बसायचा आणि पुढची मात्रा आली तरी उठायचा नाही. त्यांनी ते पहिल्याच दिवशी ऐकलं होतं, पण पहिल्या दिवशी कुणी आपल्या बाळाचं नाक नकटं म्हणत नाही.

"खोली सुधारली तर?"

"तर मी पूर्ण ख्याल बसून ऐकेन. एक खोट निघाली नाही तर पेटी तुमची."

"आणि निघाली तर?"

"तर पेटी माझ्याकडे राहील आणि पुन्हा विषय काढायचा नाही."

"बरं," दिनकरराव म्हणाले, कारण दोघंही त्यांच्याकडे बघत होती.

पद्माकर मुलाकडे अमेरिकेला गेला. श्रावणात परत येणार होता.

काकूंनी धवलला गाठलं. त्यानं कोपऱ्यात ठेवायचे स्पंजचे काळे ठोकळे दाखवले. "खूणामां मूकी दो, मासी. भारे आवाज बधो पी जाय." काकूंनी ठोकळा उचलून पाहिला. उशीइतकाही जड नव्हता. भारी आवाज पिणाऱ्याला स्वतःला काही वजन नको का? त्यांनी ठोकळा धवलच्या हातात परत दिला आणि घरी आल्या, तर दारात वर्षाचे गहू येऊन पडले होते.

आता इथे बडोद्याची एक गोष्ट सांगायला हवी. इथे घरोघरी उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरतात, गच्चीवर ऊन देतात, निवडतात, आणि मग त्यांना दिवेल चोळतात. दिवेल म्हणजे एरंडेल. दाण्यादाण्याला त्याचा हात लागला की वर्षभर धनेडे फिरकत नाहीत. (धनेडे म्हणजे धान्यातले ते काळे, बारीक सोंडेचे किडे. पुण्याकडचे लोक त्यांना टोके म्हणतात आणि पाकिटातला आटा खातात.) तर ह्या दिवेलातलं अखेरचं कोर्ट म्हणजे शालिनीकाकू. त्या कुणाच्याही घरी चहाला गेल्या की आधी गव्हाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालायच्या, तळवा उजेडात धरायच्या आणि निकाल द्यायच्या. मंदाताईंच्या गव्हाला एकदा धनेडे लागले होते, ते त्यांच्या बारशाएवढ्या नातीपासून तिच्या मुंजीएवढ्या भावापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. नागपूरकडून नवीनच आलेल्या स्नेहलला काकूंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तू डबा उघडू नकोस. दिवेल किती घालायचं ते मी येऊन सांगेन."

तर ती पोती हमालानं तात्पुरती म्हणून हॉलच्या कोपऱ्यांत लावली. संध्याकाळी काकूंनी सहज सर्व्हर लावला.

डग्गा वाजला आणि वाजून थांबला.

काकूंनी पुन्हा लावला. घुमारा आला, गोल, भरदार, आणि गेला. कोपऱ्यात जाऊन बसला नाही. त्याला बसायला जागाच नव्हती, तिथे गहू बसले होते.

"अहो," काकू म्हणाल्या. "अहो, गहू पितायत."

"काय?"

"आवाज. बाकी काय पिणार?"

दिनकररावांनी खिशातून टेस्टर काढला आणि पुन्हा ठेवून दिला. ह्या बाबतीत टेस्टरचा उपयोग नव्हता. पण घुमारा गेला होता हे त्यांनाही कळलं, आणि त्यांना कळलं म्हणजे ते कुणालाही कळलं असतं.

पुढचे दिवस काकूंनी पोती इंचाइंचानं सरकवली. जमिनीवर खडूनं खुणा केल्या. एक पोतं घरच्या जुन्या ॲम्प्लिफायरच्या मागे, दोन ऐकणाऱ्याच्या खुर्चीच्या दोन्ही अंगांना, थेट पाठीशी लागून. त्यांच्यावर जुने शेले घातले. शेवटी मधोमध खुर्ची ठेवली, ज्यात बसलं की गाणारी बाई बरोबर समोर, टीव्ही आणि कॅलेंडर यांच्या मध्ये, उभी राहायची.

"दिवेल कधी लावायचं?" दिनकरराव म्हणाले.

काकूंनी ह्याचाही विचार केला होता. विचार त्यांचा स्वतःचा होता, कुठल्याही व्हिडिओत सापडणारा नव्हता. तेल लागलं की दाणा निसरडा होतो. निसरड्या दाण्यावरून आवाज घसरतो. कोरडा दाणा आवाज धरतो. ह्याचा त्यांनी प्रयोगही केला. एका परातीत दिवेल लावलेले गहू, एका परातीत कोरडे, आणि दिनकररावांनी दोन्हींवर वाकून टाळ्या वाजवायच्या.

"काही फरक वाटला?" काकूंनी विचारलं.

"हात दुखले."

"कोरडे चांगले," काकूंनी निकाल दिला. "पद्माकर येऊन जाऊ दे. मग दिवेल."

आषाढात बडोद्याची हवा ओल्या पंच्यासारखी अंगाला चिकटते. दिनकरराव एकदा पोत्याजवळ वाकून काहीतरी बघत होते. "उघडून पाहायचं का जरा?"

"हात लावायचा नाही. इंचभर सरकलं तर डग्गा जाईल. आणि खायला मागच्या वर्षीचे आहेत कोठीत."

"बरं."

दिवेलाचा डबा स्वयंपाकघरात तसाच बंद उभा होता. काकू येता-जाता त्याच्याकडे बघायच्या नाहीत.

श्रावणातल्या पहिल्या रविवारी सकाळी पद्माकर आला. पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा झब्बा, आणि चेहऱ्यावर न्यायाधीशाचा भाव. शेला पांघरलेल्या पोत्यांकडे बघून म्हणाला, "हे काय, वहिनी?"

"रूम ट्रीटमेंट," काकू म्हणाल्या.

पद्माकरच्या भुवया वर गेल्या. हा शब्द त्याला ह्या घरात अपेक्षित नव्हता. तो गुपचूप खुर्चीत बसला आणि मागे टेकला. काकूंनी फ्रीज बंद केला, पंखा बंद केला, कुकर आधीच उतरवला होता. दिनकररावांना भिंतीशी बसवलं आणि खोकला आला तर बाहेर जायला सांगितलं. मग त्यांनी बटण दाबलं.

तंबोरा. मग बाईंचा षड्ज. पद्माकरनं डोळे मिटले.

काकू त्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. तबला सुरू झाला. डग्ग्याचा पहिला घुमारा खोलीतून गेला, पोत्यांनी तो पोटात घेतला. पद्माकरच्या कपाळावरची आठी, जी जन्मापासून तिथे होती, ती हलली.

तेवढ्यात काकूंना त्याच्या झब्ब्याच्या खांद्यावर एक काळा ठिपका दिसला.

इस्त्रीवाल्यानं डाग पाडला असेल, त्यांना वाटलं. मग तो डाग गळ्याच्या दिशेनं चालू लागला.

काकूंनी मान किंचित पुढे केली. शेल्याच्या कडेवरून एक निघाला होता. त्याच्या मागे दुसरा. डग्गा वाजला की पोतं आतून थरथरत होतं, आणि प्रत्येक समेला दहा-पाच जण सोंड वर करून बाहेर येत होते. तीन महिन्यांची दमट हवा, ॲम्प्लिफायरची ऊब आणि दिवेलाचा थेंब नाही. धनेड्यांनी वर्षाच्या गव्हावर पिढ्या वाढवल्या होत्या, आणि आता सगळं खानदान गाणं ऐकायला बाहेर पडलं होतं.

दिनकररावांनीही पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं. काकूंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते तोंड तसंच उघडं राहिलं.

एक धनेडा पद्माकरच्या मानेवर चढला. पद्माकर शहारला. त्याचे डोळे मिटलेलेच. "वा," तो पुटपुटला.

पद्माकरनं 'वा' म्हटलं होतं, आणि आधी खोट काढली नव्हती.

दुसरा मनगटावरून बाहीत शिरला. पद्माकरच्या दंडावरचे केस उभे राहिलेले झब्ब्यातूनही कळत होते. तिसरा कानामागून केसांत गेला आणि बाईंनी तार षड्ज लावला, दोन्ही एकदम. पद्माकरनं खुर्चीचा हात घट्ट धरला. त्याच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं.

काकू उभ्या उभ्या मनात सगळ्या देवांना हात जोडत होत्या. आता नको. द्रुत होऊ दे. तराणा होऊ दे. चावू नका, बाबांनो, नुसतं फिरा.

गाणं संपलं. पद्माकरनं डोळे पुसले.

"वहिनी," तो म्हणाला. "मानेवरून काहीतरी सरसरत गेलं. हातावरून, पाठीतून. माझ्या खोलीत इतकी वर्षं ऐकतोय, पण असं कधी झालं नाही. लहानपणी बाबांच्या मांडीवर बसून ऐकायचो तेव्हा व्हायचं."

काकू पेटी जिंकायला निघाल्या होत्या, दिराला रडवायला नव्हे. सांगून टाकावं असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. पण तो तेवढ्यात म्हणाला, "पेटी संध्याकाळी आणून देतो. खोट नाही."

सांगायचं राहून गेलं.

"उठा, भाऊजी, चहा घेऊ. आत. आतच बसू," काकू म्हणाल्या आणि त्याच्या पाठीवरून, खांद्यावरून, दंडावरून भराभर हात फिरवायला लागल्या. जे सापडले ते मुठीत घेतले.

पद्माकरला आणखीच भरून आलं. "वहिनी, तुम्ही माझ्या पाठीवर हात फिरवलात. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा." आणि तो नमस्काराला वाकला.

खाली फरशीवर काय चाललं होतं ते काकूंना दिसत होतं. त्यांनी त्याला अर्ध्यातून दंडाला धरून वर उचललं. सत्तरी उलटलेल्या बाईच्या अंगात एवढा जोर कुठून येतो, हे दिनकररावांना पुढे कितीतरी दिवस कळलं नाही.

"वाकायचं नाही. आपल्यात कसला नमस्कार," काकू म्हणाल्या, आणि मूठ पदराखाली घेतली.

संध्याकाळी पेटी आली. काकूंनी ती उघडली, पहिली रेकॉर्ड काढून पुसली, घरच्या जुन्या रेकॉर्डप्लेअरवर लावली, आणि मग उठून स्वयंपाकघराचं दार सताड उघडं केलं. आत कुणी नव्हतं. तरी केलं.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं होतं. सगळी पोती गच्चीवर गेली. काकूंनी दार आतून लावून घेतलं, गहू चाळले, पाखडले, उन्हात पसरले आणि दिवेल चोळलं. दिनकरराव जिन्यात पहारा देत बसले होते. मंदाताई वाळवण बघायला आल्या तेव्हा ते म्हणाले, "बरं नाहीये," आणि हे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब खोटं होतं. पोती पुन्हा खडूच्या खुणांवर आली. डग्गा पहिल्यासारखाच गोल वाजला. निसरड्या दाण्याचं शास्त्र खोटं होतं, हे काकूंच्या लगेच लक्षात आलं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

रविवारी पद्माकर पुन्हा आला. न बोलावता, तोच झब्बा घालून. खुर्चीत बसला, मागे टेकला, हात पुढे मोकळे सोडले, डोळे मिटले.

ख्याल सुरू झाला. पद्माकर वाट बघत होता. द्रुत आलं, तराणा आला, संपलं. त्यानं डोळे उघडले. आठी परत आली होती.

"काहीतरी बदललंत, वहिनी."

"काही नाही, भाऊजी. तेच यंत्र, तीच बाई."

"कानाला तसंच आहे. पण अंगावर येत नाही." तो खुर्चीच्या मागे जाऊन वाकला, एका पोत्याचा शेला उचलून नाक लावलं. "हा वास कसला?"

"दिवेलाचा. ट्रीटमेंटला ट्रीटमेंट केली."

"तिथेच घोळ झाला," पद्माकर म्हणाला आणि त्याचा चेहरा उजळला, कारण अखेर खोट सापडली होती. "तेलानं आवाज निसरडा झाला. कोरडं होतं तेच बरोबर. वहिनी, पूर्वीचं करा. पुढच्या रविवारी येतो. तसंच अंगावर आलं तर ठीक, नाहीतर पेटी परत माझ्याकडे नेतो. असल्या आवाजात बाबांच्या रेकॉर्डी नकोत."

तो गेला. दिनकररावांनी पेपर उघडला.

"खरं सांगून टाक त्याला," ते पेपरमागून म्हणाले.

"काय सांगू? की तुमच्या बाबांची आठवण माझ्या गव्हातून आली होती?"

ह्याला 'बरं' म्हणणं दिनकररावांनाही जमलं नाही.

काकू पेटीजवळ जाऊन बसल्या. अजून निम्म्याहून जास्त रेकॉर्डी उतरवायच्या होत्या. त्यांनी पेटीवरून हात फिरवला, एकदा दाराकडे बघितलं, मग उठल्या. स्वयंपाकघरातून एक वाटी घेतली, पदराखाली धरली आणि समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली.

स्नेहलनं दार उघडलं. काकूंच्या हातात वाटी पाहून तिला वाटलं, साखर.

"तुझ्याकडे गव्हात," काकू म्हणाल्या आणि थांबल्या. आयुष्यात त्यांना एवढं अवघड वाक्य बोलावं लागलं नव्हतं. "तुझ्याकडे गव्हात थोडे धनेडे झाले असतील का? वाटीभर पुरेत. जिवंत हवेत."

स्नेहल दारातून बाजूला झाली. मग तिनं काकूंना आत नेलं आणि कोठी उघडून दाखवली. काकूंनी कोपरापर्यंत हात घातला, तळवा उजेडात धरला. दाणे तुकतुकीत, दिवेलाचा हात सारखा बसलेला. एकही नव्हता. आपण शिकवलेलं कुणी इतकं नीट ऐकलं याचं काकूंना पहिल्यांदाच वाईट वाटलं.

"कशाला हवेत, काकू?"

"पाहुणे येणार आहेत," काकू म्हणाल्या. त्यापेक्षा खरं काही त्यांना सुचलं नाही.

वाटीची बातमी जिनाभर फिरली असावी, कारण संध्याकाळी बेल वाजली. दारात स्नेहल होती, मागे मंदाताई, त्यांच्या मागे तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी. प्रत्येकीच्या हातात एकेक वाटी, वर झाकण. ज्यांच्या ज्यांच्या कोठीत काकूंनी आजवर हात घातला होता, त्या सगळ्या आल्या होत्या.

"आमच्याकडे कधीच नसतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे," मंदाताई म्हणाल्या. "पण शोधून आणले कुठून कुठून. परत करायची घाई नाही हं, शालिनीताई."

काकूंनी मान ताठ ठेवून एकेक वाटी घेतली. बायका वळल्या. जिन्यापर्यंत गेलेली स्नेहल पुन्हा मागे आली आणि हळूच, अगदी मायेनं म्हणाली, "काकू, पुढच्या वर्षी गहू आले की डबा उघडू नका. दिवेल किती घालायचं ते मी येऊन सांगेन."